वरचं सार

डॉक्टर बोलले कानडीत, पण रत्नाबाईनं ऐकलं मराठीत, आणि घोटाळा तिथेच झाला.

तिचा नवरा संताजी शिवाजीनगरचा शिंपी. विषमज्वर उतरला, पण माणूस पार वाळून गेला. "बेळे सारु द्या, रोज दोन वेळा. अंगात ताकद यायला हवी," डॉक्टरांनी सांगितलं. बेळे म्हणजे डाळ, हे तिला ठाऊक होतंच. कानडीत सारु म्हणजे डाळीसकटची आमटी, पण तिच्या कानावर पडलं ते मराठीतलं सार, आणि सार म्हणजे सत्त्व. मग खाली बसतो तो गाळ. गाळ का कुणी आजाऱ्याला देतं?

ती तूरडाळ मऊ शिजवायची, चिंच, मिरं-जिरं, वर लसणाची फोडणी. मग पातेलं घटकाभर हलवायची नाही. वर निवळ आली की ती अलगद संताजीच्या वाटीत. खालची डाळ टाकवत नसे, म्हणून भातावर घेऊन तीच खायची. अन्न आहे, टाकायचं कसं?

दोन महिन्यांत तिचा झंपर दंडात आणि कुशीत दाटू लागला. संताजीनं अंथरुणावरच तो मागून घेतला. शिवणी उसवल्या आणि दोन्ही बाजूंनी बोटबोटभर कापड सोडून नव्यानं टीप मारली.

"माझं दुखणं निदान तुझ्या तरी अंगी लागलं," तो हसून म्हणाला.

"काहीतरीच बोलता," ती म्हणाली.

श्रावण संपता संपता तो गेला.

दिवाळीनंतर आरोग्य खात्याची एक बाई गल्लीत आली. देवळात बायकांना जमवून तिनं डाळीचं पातेलं पुढ्यात ठेवलं. डाळीत काय असतं, लेकरांना आणि आजाऱ्यांना ती का घालायची, सगळं नीट सांगितलं.

रत्नाबाईनं विचारलं, "आणि वरची निवळ?"

"ती जिभेपुरती, अक्का. तोंडाला चव येते, एवढंच. अंग धरतं ते तळच्या डाळीनं."

शेजारची गोजराबाई म्हणाली, "सरी, बरोबर आहे, आमची सासू हेच सांगायची." बायका हसल्या. रत्नाबाईही हसली, कारण सगळ्या हसत होत्या.

घरी येऊन तिनं डाळ शिजत टाकली. आता रडू येईल म्हणून ती चुलीपुढे बसून राहिली. आलं नाही. आत नुसतं बधिर होतं. डाळ शिजली, तिनं फोडणी दिली, निवळ वर येईपर्यंत सवयीनं थांबली आणि सवयीनंच ती वाटीत काढली. वाटी कुणापुढे ठेवायची, ते तिला कळेना.

अंगात तोच झंपर होता. संताजीनं सोडलेलं बोटबोटभर कापड आता भरून आलं होतं.