खाडीच्या मुखावरच्या काठ्या

“हलव, हलव! दुखऱ्या दाढेसारखी हलव, म्हणजे सुटेल,” होडीतून काठीवाले काका ओरडले.

कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला न्हावी काठीला झोंबत म्हणाला, “काका, मी दाढी करणारा माणूस. दाढ काढायला दुसरा बघा!”

शत्रूची गलबतं आज येतील की उद्या, असं झालं होतं. गावानं स्वयंसेवकांचं दल उभारलं होतं. न्हावी, पाववाला, दोन कारकून आणि त्यांचे म्होरके शाळेचे कवायत-मास्तर. बंदुका अजून आल्या नव्हत्या, म्हणून खांद्यावर वल्ही घेऊन कवायत चाले. मासेमारी बंद झाली होती आणि हुकूम आला होता : खाडीच्या मुखावरच्या खुणेच्या काठ्या उपटा. खोल पाण्याची वाट कळली नाही की शत्रू वाळूत रुतेल.

त्या काठ्या पस्तीस वर्षं काकांनीच रोवल्या होत्या. दर पावसाळ्यात तळाची वाळू कूस बदलत असे आणि वाट सरके. मग काका बांबूनं तळ चाचपत नव्यानं खुणा करीत. इथं पाठांतराचा उपयोग नव्हता.

आणि त्यांच्या मुलाला वाट पाठ होती ती सहा वर्षांपूर्वीची. “तुमच्या काठ्या तुम्हालाच लखलाभ,” म्हणून तो तणतणत गेला होता. मागच्या महिन्यात त्याचं पत्र आलं. ‘बाबा, स्वतःची होडी घेतली. वारा निवळला की तीच हाकत घरी येतो.’ खाली पत्ता नव्हता. उलट कळवायचं तरी कुठे?

सकाळी निघताना बायको म्हणाली होती, “अहो, एक तेवढी राहू द्या.”

“एका काठीनं वाट होत नाही गं.”

दुपारपर्यंत सोळा निघाल्या. सतराव्या, शेवटच्या काठीवर काकांचा हात थबकला. मास्तरांनी हळूच विचारलं, “काका, काय झालं?”

“पोराची जुनी वाट आता थेट वाळूवर जाते, मास्तर. भरतीच्या लाटेत होडी उलटायला किती वेळ?”

मग काकांनीच काठी मिठीत घेतली, हलवली, उपसली. तळातून गढूळ पाणी वर आलं आणि निवळलं.

“मुखावर टेहळणीला कोण?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही अजून. उघड्या होडीत तासन्‌तास कोण बसणार?”

“माझं नाव लिहा.”

“काका, साठी उलटली तुमची! शत्रू आला तर?”

“बिगूल फुंकेन.”

“आणि मुलगा आला तर?”

“पुढे होऊन घेऊन येईन.”

दुसऱ्या दिवसापासून भरतीच्या वेळी मुखावर एक होडी नांगरलेली दिसू लागली. तीत काका उभे. लांबून दिसावेत म्हणून बायकोनं ठेवणीतला पांढरा सदरा काढून दिला होता.

“अहो काका, हा शत्रूलाही दिसेल की!” मास्तर कळवळले.

“दिसू दे. पोराचे डोळे लहानपणापासून अधू आहेत.”

रोज संध्याकाळी बायको खारावलेला सदरा दोनदा गोड्या पाण्यातून काढी, पिळून दोरीवर टाकी. समुद्राची दमट हवा, तो रात्रभरात वाळत नसे. सकाळी काका तो तसाच ओलसर अंगात चढवत, आणि ती मागून कॉलर सरळ करी.