डाव्या पंखाच्या दोरावरची परकी गाठ

दिनांक १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. त्या वेळी माझ्यावर दोन गाठी होत्या आणि त्यांपैकी एकच माझ्या मालकिणीने बांधलेली होती.

मित्रांनो, मी एक जुना नायलॉनचा दोर आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका लहानशा विमानतळावर दोन आसनांचे एक विमान उभे असते. त्याचा डावा पंख मी धरून ठेवतो. माझे एक टोक पंखाखालच्या कडीला आणि दुसरे जमिनीत पुरलेल्या लोखंडी कडीला बांधलेले असते. उजव्या पंखाला आणि शेपटीला माझे दोन भाऊ आहेत. उभे विमान वाऱ्याने उलटू नये, एवढेच आमचे काम.

माझी घडण सांगतो. कारखान्यात तंतूंचे पेड वळतात, ते एका दिशेने. मग तीन पेड एकत्र गुंफतात, ते उलट्या दिशेने. पेडांना उलगडायचे असते, दोराला त्यांना उलगडू द्यायचे नसते. दोघे एकमेकांवर अविश्वास ठेवून रेटत राहतात आणि म्हणूनच दोर टिकतो. संशय हा असा माझ्या पिळातच आहे.

वेसाव्याच्या बंदराजवळ जाळी आणि दोर विकणाऱ्या शेवंतीबाईंच्या दुकानात मी टांगलेला होतो. माझ्याबरोबरचे सगळे होड्यांवर गेले. मला मात्र मुलुंडच्या दंतवैद्य डॉ. उत्तरा कर्णिक यांनी घेतले.

"होडी कुठली गो तुमची?" शेवंतीबाईंनी विचारले.

"होडी नाही, विमान आहे."

"मग दोन हात जास्तच घ्या. वर बांधायचं म्हंजे लांब लागेल."

उत्तराबाईंनी खरोखरच दोन हात जास्त घेतला. त्या खासगी वैमानिक आहेत. रविवारी दवाखाना बंद असला की किनाऱ्यावरून एक फेरी मारायची, एवढाच त्यांचा छंद. पहिली काही वर्षे माझी चांगली गेली. एका मे महिन्यात वादळ आले, शेजारच्या विमानाचा भाड्याचा दोर तुटला, पण मी तुटलो नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला तळहाताने थोपटले. दोराला याहून मोठे पारितोषिक मिळत नाही.

पुढे विमानतळावर सेवा पुरवणारी एक नवी कंपनी आली आणि तिच्याबरोबर नवे नियम आले. विमाने उभी करण्याच्या काँक्रीटच्या पटांगणाला एप्रन म्हणतात. फाटकापासून आमचे विमान डोळ्यांना दिसते, तरी मालकाने एप्रनवर पायी चालायचे नाही, कंपनीच्या व्हॅनमधून यायचे आणि त्या व्हॅनचे शुल्क भरायचे. उतरण्याचे शुल्क वेगळे, उभे राहण्याचे वेगळे. आणखी एक नियम होता: एप्रनवरील कर्मचाऱ्यांनी मालकांशी बोलायचे नाही. त्यामुळे माझ्या गाठी बांधणारे दोन माणसांचे हात मला चांगले ओळखीचे झाले, पण त्या दोन माणसांची एकमेकांशी ओळख कधीच झाली नाही.

दुसरे हात हरेश्वरचे. मढचा हा माणूस एप्रनवर वीस वर्षे काम करीत आहे. त्याच्या जॅकेटवर सत्तावीस हा आकडा आहे. पलीकडच्या हेलिकॉप्टरला इंधन द्यायला टाकीची गाडी येते, तेव्हा वळताना तिचे चाक माझ्यावरून जाते. दोनदा मी चिरडलो. तेव्हापासून हरेश्वर गाडी येण्याआधी माझे जमिनीकडचे टोक सोडतो आणि ती गेली की पुन्हा बांधतो. फक्त त्याची गाठ कोळी होडी किनाऱ्याला बांधतात तशी असते, उत्तराबाईंच्या गाठीसारखी नसते.

मी असा सुटून पडलो की पर्यवेक्षक कृणाल व्हॅनच्या खिडकीतून माझा फोटो काढीत असे. सुरुवातीला मला बरे वाटले. नंतर मी विचार करू लागलो, की जुन्या दोराचा फोटो कोणी कशासाठी काढील?

उत्तर उत्तराबाईंच्या बिलात होते. तिथे 'विमान हलवणे' असे नवे शुल्क लागले होते आणि सहा आठवड्यांत ते अकरा वेळा लागले. बाई हिशेबी आहेत. त्यांनी टायरवर आणि त्याच्याखालच्या काँक्रीटवर खडूने एक सरळ रेघ ओढली. विमान बोटभर जरी सरकले असते तरी रेघ तुटली असती. त्या बुधवारी त्यांनी पाहिले, तर रेघ अखंड होती, बिल आलेले होते आणि माझ्यावर परकी गाठ होती.

त्यांनी सरळ निष्कर्ष काढला. विमान कोणी हलवत नाही, पण हलवल्यासारखे दिसावे म्हणून कोणीतरी मुद्दाम दोर सोडून बांधतो. प्रतीक्षागृहाच्या काचेतून त्यांनी सत्तावीस आकडा माझ्याजवळ वाकलेला पाहिला होता. मला सगळे ठाऊक होते, पण दोराला तोंड नसते.

त्यांनी कृणालला पंखाजवळ बोलावले.

"ही रेघ बघा. विमान जागचं हललेलं नाही."

"मॅडम, खडू पुसता येतो. परत काढताही येतो."

"म्हणजे मी खोटी रेघ काढली?"

"मी कुठे तसं म्हणालो? मी खडूचं सांगितलं." कृणाल हसला. "बरं, एक करा ना. दोर कोणी सोडला त्याचा नंबर लिहून द्या, खाली सही करा. कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय केलं, असं दाखवतो. अकराच्या अकरा चार्जेस परत. त्याचा पास मी आजच काढून घेतो."

एप्रनवर पास म्हणजे नोकरी. पास गेला की माणूस फाटकाबाहेर. उत्तराबाईंच्या ओठांवर सत्तावीस हा आकडा आला होता. पण त्या थांबल्या.

"रविवारी देते," त्या म्हणाल्या.

रविवारी व्हॅन त्यांना सोडून गेली. त्या वाकून चाके तपासत असताना टाकीची गाडी आली आणि सवयीप्रमाणे हरेश्वर माझ्याकडे धावत आला. बाई ताठ उभ्या राहिल्या.

"हात लावू नका. याच दोरावर तुमचा डोळा का?"

हरेश्वरने आधी मागे वळून पाहिले. "मॅडम, आम्हाला बोलायला मनाई आहे."

"आणि दोर सोडायला नाही?"

"टाकी वळते ना इथनं. चाकाखाली येतो बिचारा. म्हणून सोडतो, मग बांधतो."

"विमान हलवल्याचं बिल येतं मला त्याचं."

"कसलं बिल?" तो खरोखर गोंधळला. "मी हलवीन विमान? माझी होडी वर घ्यायला पाच माणसं लागतात."

"हे मी एकटी ढकलते."

"मग बाय, तुम्हीच ढकललं असेल."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दवाखान्यात रोगी एका दातावर बोट ठेवतो आणि कीड दुसऱ्याच दातात निघते, हे त्यांना रोजचे होते. चुकीचा दात उपटला तर तो परत लावता येत नाही, हेही ठाऊक होते.

"सोडा दोर," त्या म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."

मी जमिनीवर पडलो. टाकी वळून गेली. आणि उभ्या व्हॅनच्या खिडकीतून फोन धरलेला हात बाहेर आला. बाईंनी तो हात पाहिला आणि सुटलेल्या दोराच्या फोटोवरून बिल कसे बनते ते त्यांना कळले. कृणालनेही त्यांना पाहिले. तो खाली उतरला.

"सापडला ना? सत्तावीस. मला दिसतंय, पण तक्रार मालकाच्या सहीने लागते."

"सही मिळणार नाही."

"मग परतावाही मिळणार नाही, मॅडम. फुकट तुमचं नुकसान."

"माझंच आहे ना? मग तुम्ही का एवढे कळवळताय?"

कृणाल गेल्यावर बाई हरेश्वरकडे वळल्या. "मागे दुसरी कडी आहे. तिथे बांधला तर टाकीच्या वाटेत येतो?"

"नाही येत."

"मग आजवर सांगितलं का नाहीत?"

"सांगू कोणाला? तुम्ही व्हॅनमध्ये."

शेवंतीबाईंच्या सांगण्यावरून घेतलेले दोन हात त्या दिवशी कामी आले. मी मागच्या कडीपर्यंत पोहोचलो. तेव्हापासून मला कोणी सोडत नाही आणि 'विमान हलवणे' बिलात येत नाही. कृणालची व्हॅन मात्र अजूनही माझ्याजवळ येऊन थबकते. तो काय शोधतो ते मला कळलेले नाही, म्हणून मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

मित्रांनो, दोर असेल तर त्याचे पेड उसवले आहेत का ते वेळोवेळी पाहा. पेडांत शिरलेल्या वाळूने तो आतून झिजतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. संशय घेऊच नका, असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्याशिवाय माझा पीळ सुटेल. पण संशय हेही मोजमापाचे एक साधन आहे, आणि साधन वापरण्याआधी तपासून घ्यावे लागते. ज्याच्यावर तो रोखाल, त्याच्याजवळ आधी चालत जा आणि त्याला विचारा, मध्ये कितीही व्हॅन उभ्या असल्या तरी.

हरेश्वरचा पास आजही चालू आहे. उत्तराबाईंना मिळालेला परतावा: शून्य रुपये.