डिझेलच्या काट्याचा स्वभाव

आमच्या पिकअपमधला डिझेलचा काटा खोटं बोलायचा, आणि त्या खोट्याचा अर्थ जगात फक्त माझ्या सासऱ्यांना कळायचा. टाकी काठोकाठ भरली की काटा पाऊणवर. पाववर आला की खरी निम्मी. शून्यावर टेकला की अजून दीडशे किलोमीटर निवांत. "गाडी मोकळी असेल तर पावणेदोनशे," बाबा सांगायचे, सांगताना छाती जराशी पुढे यायची.

आमची लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. नवरा मशीन सांभाळतो, मी घड्या घालते, बाबा माल पोचवतात. आणि ठमी, आमची अकरा महिन्यांची लेक, धुतलेल्या अभ्र्यांच्या टोपलीत बसून घड्या मोडते. माझं लायसन्स ठमीपेक्षा दोन वर्षांनी मोठं. मला दुपारची फेरी हवी होती. चार भिंती, वाफ आणि साबणाचा वास यांच्याबाहेरचे दोन तास. बस, एवढंच.

"चालवशील गं, तुला काय येत नाही?" बाबा म्हणायचे. "पण काट्याचं काय? रस्त्यात अडकलीस म्हणजे? या गाडीचा स्वभाव कळायला वर्षं जावी लागतात."

"मग काटा दुरुस्त करून घेऊ या ना."

"चांगल्या चालत्या गाडीला हात लावायचा नसतो."

नवऱ्याकडे पाहिलं तर तो मशीनच्या झाकणात डोकं घालून काहीतरी शोधत होता. अशा वेळी त्याचं नेहमी काहीतरी हरवलेलं असतं.

शेवटी कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्या मावशींना विचारलं. त्यांनी हातातली पकड खाली न ठेवताच सांगितलं, "टाकीवर एक वायर येते, काट्याकडे जाणारी. ती काढ, चावी फिरव आणि वायरचं टोक क्षणभर बॉडीला टेकव. काटा सरळ फुलवर गेला तर काटा निर्दोष. मग चोर टाकीपाशी. आधी अर्थिंग बघ. उगाच टाकी उतरवत बसू नकोस."

दुपारच्या फेरीआधी बाबा आडवे झाले, ठमीही झोपली. ती साधारण चाळीस मिनिटं झोपते. तेवढ्यात आंघोळ, जेवण आणि संसार उरकायचा असतो. त्या दिवशी मी गाडीखाली गेले. नवऱ्याला चावी फिरवायला बसवलं.

"टेकवते हं. बघ काट्याकडे."

"गेला! फुलवर गेला! अगं, आठ वर्षांत पहिल्यांदा गेला!"

"ओरडू नकोस, दोघंही उठतील."

म्हणजे काटा बिचारा निर्दोष. टाकीची अर्थिंगची वायर जिथे चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने आवळलेली होती, तिथे गंजाचा नुसता पापड झाला होता. बोल्ट काढला, सँडपेपरने घासघासून खालचं लोखंड चकचकीत केलं, सगळ्या वायरी पुन्हा जोडून बोल्ट घट्ट आवळला. काटा पाववर होता, तो सावकाश चढत निम्म्यावर येऊन थांबला. बाबांच्या हिशेबाने निम्मीच होती. म्हणजे माणूस आठ वर्षं बरोबरच होता, हे मला तेव्हाच मान्य करावं लागलं.

संध्याकाळी मी त्यांना नीट सांगितलं. "बाबा, आता काटा खरं दाखवतो. शून्य म्हणजे शून्य."

"हो का? छान," ते म्हणाले, आणि चहात बिस्किट बुडवलं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराला फोन आला. "गाडी बंद पडली. तू काहीतरी केलंस तिला."

"काटा कुठे आहे, बाबा?"

"शून्यावर. म्हणजे चांगली पाव टाकी असणार ना!"

नवऱ्याने स्कूटरवरून मला, ठमीला आणि पाच लिटरच्या कॅनला तिथे पोचवलं आणि मशीन चालू आहे म्हणत लगेच परत फिरला. बाबा रस्त्याकडेला, घड्या घातलेल्या चाळीस चादरी गाडीत मागे ठेवून, बॉनेटला टेकून उभे होते. चेहरा असा, की जणू जुन्या मित्राने दगा दिलाय.

"आठ वर्षं कधी फसवलं नाही या काट्याने मला," ते म्हणाले. "तू सुधारलंस आणि फसवलं."

मी ठमीला त्यांच्या हातात दिलं, डिझेल ओतलं, बॉनेट उघडलं. टाकी कोरडी पडल्याने डिझेलच्या नळीत हवा धरली होती. फिल्टरवरचा हातपंप दाबत बसले. अंगठा दुखायला लागला तेव्हा कुठे पंप कडक लागला, म्हणजे डिझेल चढलं. वर पाहिलं तर ठमी बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेली. मुठीत त्यांची कॉलर. बाबा श्वासही जपून घेत होते.

"चावी द्या, बाबा, चालू होते का बघते. मग तुम्ही बसा, मी घेते तिला."

"वेडी आहेस का? उठेल ना ती!" ते कुजबुजले. "शर्टाच्या खिशात आहे. हळूच काढ. आणि तूच चालव. गचके देऊ नकोस."

दोनदा खोकून इंजिन चालू झालं. आधी हॉटेलला चादरी पोचवल्या, मग मी गाडी घराकडे वळवली. बाबा शेजारी, ठमीला दोन्ही हातांत धरून, मान वाकडी करून डॅशबोर्डकडे बघत.

"काटा किती?"

"शून्याच्या जरा वर."

"म्हणजे पाव टाकी."

"नाही बाबा. मघाशी ओतलं, त्यातलं उरलेलं."

बाबांनी ठमीला हळूच जरा वर सरकवलं. मग म्हणाले, "उद्यापासून दुपारची फेरी तू कर. मी हिला घेऊन असाच शेजारी बसेन."

गेले एकटीने काढायचे माझे दोन तास! पण ठमीच्या टाळूवर त्यांची हनुवटी टेकली होती, आणि मला हसू आवरेना.

"रोज?"

"मग? काटा आता खरं बोलतो म्हणतेस. त्याच्यावर लक्ष नको ठेवायला?"