सतरा रिकामे रकाने

परिचारिकेने दादाच्या दंडावर तिसऱ्यांदा पट्टा आवळला, यंत्र गुरगुरलं आणि आकडा आला तो आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट. वर एकशे शहाऐंशी, खाली एकशे बारा. भुलीच्या डॉक्टरने तो पाहिला आणि पेनाला टोपण लावलं.

"काका, आज नाही जमणार. एवढ्या दाबावर मी भूल देऊ शकत नाही. औषध बदलू, पुन्हा तारीख घेऊ."

"पुन्हा म्हणजे कधी?"

"सात-आठ महिने तरी धरा."

दादाने सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. तो सुतार. दुकान तळमजल्यावर, बिऱ्हाड तिसऱ्यावर, आणि मधे बेचाळीस पायऱ्या. गेल्या पाच महिन्यांत त्या पायऱ्या तो फक्त दवाखान्यासाठी उतरला होता, तोही दोघांच्या खांद्यांवर. खाली कारागीर काय करून ठेवताहेत ते त्याला खिडकीतून येणाऱ्या करवतीच्या आवाजावरून ओळखावं लागे, आणि ओळखून तो दिवसभर दातओठ खाई. आज गुडघा बदलला नाही तर दुकान हातचं जाणार, हे खोलीतल्या चौघांपैकी दोघांना पक्कं ठाऊक होतं.

"घरी याचा दाब असा नसतो," भिंतीला टेकून उभी असलेली आत्या म्हणाली.

आत्या ही दादाची धाकटी बहीण. पुतण्यांची आत्या म्हणता म्हणता ती साऱ्या घराची आत्या झाली होती. पस्तीस वर्षं वेधशाळेत ठरल्या वेळी तापमान, वारा आणि पाऊस मोजून तिने लिहून ठेवला होता. निवृत्तीनंतर रोज सकाळी आठ वाजता ती दादाचा रक्तदाब मोजू लागली. आभाळ सुटलं आणि मी सापडलो, असं दादा येईल त्याला सांगायचा.

"सगळे हेच म्हणतात," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाली. ती तिशीची असेल. "वह्या आणतात. रोज एकशेवीस-ऐंशी, एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेलं. त्याच्या भरवशावर कुणाला झोपवायचं?"

"वही नाही. घरी सर्व्हर आहे आमच्या."

डॉक्टरने मान वर केली. परिचारिकेनेही केली.

आधी या नोंदी एका कंपनीच्या ॲपमध्ये असत. एक दिवस कंपनी बंद पडली, आभाराचं पत्र आलं आणि दोन वर्षांचे आकडे गेले ते गेलेच. दादाचा दाब इथून पुढे दादाच्याच घरात राहील, असं आत्याने त्या दिवशी ठरवलं. वय चौसष्ट. पुतण्याने टाकून दिलेला कॉम्प्युटर तिने मागून घेतला, चार महिने त्याच्यापुढे बसली, चुकली, सगळं पुसलं, पुन्हा मांडलं, आणि अखेर आरोग्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम त्याच्यावर चालता केला. रोजचे आकडे, तपासण्या, चिठ्ठ्या, सगळं त्यात. बाहेरून फोनवर उघडायचं तर किल्ली एकट्या आत्याकडे. घरात हसून हसून पुरेवाट झाली. वहिनी त्या डब्याला जावई म्हणत. दिवसभर मानाने बसून असतो, करतो काय ते देवालाच माहीत.

आत्याने फोन उघडला. चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं आली : सर्व्हरशी संपर्क होत नाही.

"दहा मिनिटं थांबते," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाली. "मग मला पुढचा पेशंट घ्यावा लागेल."

आत्याने घरी फोन लावला.

"वहिनी, डब्याचा दिवा लागलाय का बघा बरं."

"जावयाचा होय? त्याचा प्लग मी काढलाय, वन्सं. इस्त्री करतेय. संध्याकाळी ह्यांना बघायला यायचं तर चुरगळलेल्या साडीत येऊ का?"

"लावा तो. आधी लावा."

"अहो, एकच निरी राहिलीय—"

"वहिनी."

"लावला हो, लावला."

तो जुना डबा जागा व्हायला तीन मिनिटं घेई. मोठमोठ्या वादळांत गच्चीवर उभं राहून वारा मोजणाऱ्या आत्याने त्या तीन मिनिटांत फोन चारदा उघडून पाहिला. ती घाबरली होती, आणि ते दादाला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून उभी होती.

पान उघडलं तसा तिने फोन डॉक्टरच्या हातात दिला. डॉक्टर उभ्याउभ्याच पाहू लागली, मग स्टूल ओढून बसली. एकशे अठ्ठावीस. एकशे चौतीस. एकशे एक्केचाळीस. एकशे एकोणतीस. असं तीन वर्षं.

"हा मधेच एकशे एकोणसाठ?"

"त्या दिवशी कारागिराने टेबलाला पाय उलटा बसवला."

"आणि गेल्या वर्षी इथे सतरा दिवस काहीच नाही."

दादा पलंगावरून म्हणाला, "भांडण झालं होतं."

"सतरा दिवस?"

"हिने माझ्या कपाटाला भोक पाडलं, डॉक्टर. मी माझ्या हाताने केलेलं कपाट, एक खिळा नाही त्याच्यात. डब्याची वायर जावी म्हणून हिने मागून ड्रिल घातलं. मी म्हटलं, आजपासून माझ्या दंडाला पट्टा लावायचा नाही."

डॉक्टर आत्याकडे वळली. "मग मागाहून भरून टाकायचे होते. आजूबाजूचे आकडे बघून. कुणाला कळलं असतं?"

"जे वाचलं नाही ते लिहायचं नसतं," आत्या म्हणाली. "रकाना रिकामा ठेवायचा आणि कारण लिहायचं. आमच्याकडे तशीच पद्धत होती."

"कारण कुठे लिहिलंय?"

"रकान्यावर बोट ठेवा."

डॉक्टर तपासल्यासारखं मोठ्याने वाचू लागली.

"हात पुढे केला नाही. दुसरा दिवस, हात पुढे केला नाही. गोळी घेतली, रिकामं पाकीट पाहिलं. तिसरा, हात पुढे केला नाही. अर्धंच जेवला. सहावा, हात पुढे केला नाही. जिन्यात दोनदा थांबला, वर येईपर्यंत दाराआड उभी होते." तिचा आवाज मंदावला. "अकरावा, हात पुढे केला नाही. घोरणं नेहमीसारखं. बरं वाटलं."

सतरावा तिने मनातच वाचला आणि फोन दादाच्या हातात दिला. दादाने तो लांब धरून अक्षर अक्षर लावलं. हात पुढे केला नाही. भोक विचारून पाडायला हवं होतं. उद्या सांगेन.

"हे तू कधी सांगितलं नाहीस मला."

"अठराव्या दिवशी तूच हात पुढे केलास. मग राहून गेलं."

दादा आढ्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो मोकळा हसला. डोळे त्याने चादरीच्या टोकाने पुसले.

"डॉक्टर, एकदा पुन्हा मोजा," तो म्हणाला. परिचारिका पट्टा घेऊन पुढे आली तसा त्याने दंड मागे घेतला. "तुम्ही नको, बाई. हिला मोजू दे."

डॉक्टरने क्षणभर विचार केला आणि मान हलवली.

आत्याने त्याला उठवून बसवलं, पाठीशी उशी लावली, पाय जमिनीवर सपाट टेकवले, पट्टा दोन बोटं सैल बांधला. "आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. मग डॉक्टर आणि परिचारिका दोघी शाळेतल्या मुलींसारख्या गप्प उभ्या राहिल्या. बाहेर कुणाची तरी गाडी ढकलत नेल्याचा आवाज आला आणि गेला. पाच मिनिटांनी आत्याने बटण दाबलं.

एकशे अठ्ठेचाळीस. खाली अठ्ठ्याऐंशी.

परिचारिका तक्त्यावर लिहायला गेली, पण डॉक्टरने तक्ता तिच्या हातातून घेतला आणि पेन उघडून आत्यापुढे धरलं.

"वाचलंत तुम्ही. लिहा तुम्हीच."

आत्याने वेळ लिहिली, आकडा लिहिला आणि बाजूला सही केली. अक्षर जराही हललं नाही. आयुष्यात किती वादळं तिने वेळेवर कळवली होती, पण एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता. तिच्या सहीखाली डॉक्टरने एकच ओळ लिहिली, भूल देण्यास हरकत नाही, आणि आपली सही ठोकली.

दोघेजण येऊन दादाची गाडी ढकलू लागले. आत्या सोबत चालत होती. दादाने तिचं मनगट धरलं होतं, आणि शस्त्रक्रियेच्या दारापाशी ते परिचारिकेला सोडवून घ्यावं लागलं.