दुसऱ्याचा गुडघा

पाकिटाची कड बोटांनी मळून गेली होती. आठवडाभर ते प्रशिक्षकाच्या कोटाच्या खिशात होतं, उत्तर न दिलेलं, आणि आत त्याच्या जुन्या सहखेळाडूचं, आता दुसऱ्या क्लबच्या प्रशिक्षकाचं, तेच तिरकं अक्षर: माझा फॉरवर्ड घे, तुझा स्टॉपर दे. हो की नाही, लेखी कळव. तोंडी बोललेलं तू फिरवतोस. तो फॉरवर्ड म्हणजे ज्याच्या एका गोलासाठी लोक दुकानं बंद करून मैदानावर यायचे तो. आणि स्टॉपर, बचावफळीचा कणा, म्हणजे... त्याचा स्वतःचा जावई.

चूक प्रशिक्षकाचीच. फोनवर तो बाकी सगळ्या खेळाडूंची तोंड भरून स्तुती करत गेला आणि जावयाचा विषय निघाल्यावर म्हणाला, "तो? पाय जड झालेत रे त्याचे." पलीकडे हसू फुटलं. या धंद्यात माणूस नावं ठेवतो ती फक्त हातचा जाऊ नये अशा खेळाडूला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

संघ तळाला होता. आणखी घसरला तर क्लब बंद. अध्यक्षांनी ते खिडकीबाहेर बघत, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं होतं. पैशांचं मी बघतो, तुम्ही माणूस निवडा. आणि तो फॉरवर्ड परवा इथेच, या टेबलापाशी बसून गेला होता—वय उतरणीला लागलेलं, पगार निम्म्या संघाएवढा, हसणं देखणं—आणि उठताना त्याने दोन्ही तळहातांनी खुर्चीचे हात दाबले. क्षणभरच. डाव्या गुडघ्यावर भार टाळणारा माणूस असाच उठतो. डॉक्टरांनी पाय ठणठणीत म्हटलं होतं. पण डॉक्टरांनी त्याला टेबलावर आडवा पाहिला, उठताना नाही... आणि मी तरी पाहिलं का? की मला तो गुडघा दुखायलाच हवा होता, मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते ती तिथेच राहावी म्हणून? जन्मभर दुसऱ्यांचे पाय पारखून खाल्लं, आणि आता स्वतःच्या डोळ्यांची खात्री देता येत नाही. नाही म्हणावं तर सगळ्या पोरांच्या तोंडचा घास जातो; हो म्हणावं आणि तो माणूस भर मैदानात पाय धरून खाली बसला तर—तर जावईही गेलेला, मुलगीही, क्लबही.

सराव संपवून जावई दारात आला, चिखलाचे बूट हातात.

"सर, बाहेर कुजबुज चाललीय. परत पाठवताय म्हणे मला? लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माल परत घेत नाहीत हं."

प्रशिक्षक हसला नाही. "तू त्याच्याविरुद्ध खेळलायस. गुडघा कसा वाटला त्याचा?"

"मला झोपवून गेला, एवढंच आठवतं. पुढच्या वेळी मी सरळ चड्डीच धरली त्याची." जावई आत आला. "त्याचा गुडघा काय विचारताय? मला विचारा ना, जायचंय का म्हणून."

"...जायचंय?"

"हो." त्याने बूट खाली ठेवले. "इथे चांगला खेळलो तर सासऱ्याने घडवला, वाईट खेळलो तर सासऱ्याने घुसवला. दोन्हीकडून तुम्हीच, बाबा. तिकडे निदान शिव्या तरी माझ्या स्वतःच्या असतील."

"आणि ती?"

"तिनेच पाठवलं मला. तुमच्यासमोर तिची जीभ रेटेना."

जावई गेला. प्रशिक्षकाने खिशातलं पाकीट बाहेर काढलं. सगळे धोके त्याने उलटसुलट करून पाहिले होते, एवढा एक सोडून—की ज्याला धरून ठेवण्यासाठी हा सगळा जीव जाळला, तो केव्हाचा जायला दाराशी उभा होता... मग त्याने कागद ओढला, एकच शब्द लिहिला, कबूल, आणि विचार बदलायच्या आत कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आला.

परतताना त्याने तो परवाचा क्षण पुन्हा आठवून पाहिला. फॉरवर्ड उठतोय... हात? हात खुर्चीवर होते ना? सकाळपर्यंत तर लख्ख दिसत होते. आता तो हलका, सरळ, कशाचाही आधार न घेता उठत होता, पुन्हा पुन्हा उठत होता, आणि ते इतकं खरं दिसत होतं की त्याचीच त्याला भीती वाटू लागली.