वाळलेली पोती

काँक्रीट वाळवायचं नसतं, त्याला पाणी पाजायचं असतं. रस्त्यांवर पाणी मारण्यात माझी एकवीस वर्षं गेली. कडेला उभं राहून शहाणपण शिकवणाऱ्या प्रत्येक रिकामटेकड्याला मी हे ऐकवलं. बायकोला तेवढं सांगायचं राहिलं.

या खेपेला रस्ता आमच्याच गल्लीत आला, मंद्रूपला. वैशाखाचं ऊन, पारा बेचाळीसवर. नवा रस्ता चौदा दिवस ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवायचा आणि दर दोन तासांनी पाइप ओढत पोती भिजवायची. माझी कंबर केव्हाच कामातून गेली आहे. वाकलो की सरळ होताना देव आठवतो. आशिषसाहेब, आमचे इंजिनियर, म्हणाले होते, "बाळूकाका, ही गल्ली एकही तडा न जाता निघाली तर तुम्हाला गोडाऊनवर बसायचं काम. शब्द देतो."

बसायचं काम! प्रेमलाला सांगितलं तर तिनं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी पाण्याचा टँकर होटगीकडे बंद पडला. तो आणायला मी गेलो आणि परतायला तीन तास लागले. येऊन बघतो तर आमच्या दारापुढचा रस्ता उघडा, पांढराफटक. पोती घड्या घालून कट्ट्यावर रचलेली, खडखडीत वाळलेली. पोरांनी पाय देऊ नये म्हणून कडेला दगडही मांडले होते. प्रेमला दारात हसत उभी.

"अवो, पोती काडली मी. खाली सगळी वल! सारवण तरी असं झाकून वाळतं व्हय? लवकर वाळू द्या की. रस्ता झाला की तुमी बसाया मोकळे."

मला तिचा राग आला. लई आला. पण तो तोंडातून निघायच्या आत खाली नजर गेली. आमच्या पायरीपासून केसाएवढा तडा निघून पार शेजारच्या दारापर्यंत गेला होता. बाजूला आणखी दोन. मी मुकाट्यानं पोती भिजवली आणि परत घातली. बैल गेला आणि झोपा केला.

संध्याकाळी साहेब आले. त्यांनी एक पोतं बाजूला सारलं आणि तड्यावरून बोट फिरवलं.

"पोती कुणी काढली?"

प्रेमला चहा घेऊन दारात आली होती. तिनं तोंड उघडलं, तसे मी डोळे वटारले.

"मीच साहेब. भिजवायला काढली आणि टँकरच्या नादात तशीच राहिली."

"तुम्ही, काका? एकवीस वर्षांनी?" साहेबांनी चहा घेतला नाही. जाताना म्हणाले, "इथलं झालं की पुढच्या गल्लीत पाइप धरा."

प्रेमलानं तो चहा पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "त्याला पानी लागतं व्हय?"

"व्हय."

"मला कुनी सांगितलं न्हाय."

"न्हाय सांगितलं. माझंच चुकलं."

तिनं पदर खोचला, घागर आणली आणि पोतं उचलून तड्यावर पाणी ओतलं. मग दुसरी घागर आणली, मग तिसरी. गेलेला तडा पाण्यानं भरून येत नसतो. हे मात्र मी तिला सांगितलं नाही. कंबर फार दुखत होती, म्हणून पायरीवर टेकलो. ती पाणी मारत होती आणि मी बसलो होतो.