फलकावरची बारीक बाई

महिला ग्रामसभेत तो ठराव मांडला विनितानंच. कशेळ्यात कुणीही जाहिरातीचा फलक लावो, त्यातल्या माणसाचं अंग कॉम्प्युटरवर बारीक केलं असेल तर खाली ठळक अक्षरांत तसं लिहायचं, नाहीतर फलक उतरवायचा. तिला कारण होतं. ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या पोरी मोबाइलवरची जाहिरात दाखवायच्या आणि दंड असाच दिसला पाहिजे म्हणून हटून बसायच्या. भाताची लावणी करून, मोळ्या वाहून भरलेला दंड कात्रीनं कसा बारीक करायचा? ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि पहिली त्यात सापडली ती विनिताच.

इतकी वर्षं पडवीत शिवण केल्यावर तिला बाजारात गाळा मिळाला होता. फलक करून दिला मावसभाऊ ओमकारनं. चौक गावाला त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाच्या फलकांवर त्यानं अख्ख्या तालुक्याची पोटं आत ढकलली होती आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती. बहिणीसाठी तर त्यानं जीव ओतला. उद्घाटनाला फलकावरचं कापड निघालं, तर वर विनिताचीच साडी नेसून एक गोरीपान काडी उभी.

सरपंच हर्षलाताई फीत कापायला आल्या होत्या. ठरावावर सही त्यांचीच. त्यांनी फलक पाहिला, विनिताकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. विनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओमकार मात्र खुशीत होता. व्यायाम न करता तुला निम्मी केली, असं तो वर सांगत होता.

तेवढ्यात ठाकरवाडीची चिंधी चारपाच जणींना घेऊन जीपमधून उतरली. फलक बघून पायरीवरच थबकली.

"चला गं. हितं बारक्या बायांचं शिवतात. आपला हात नाय शिरायचा," ती म्हणाली आणि वळली.

ज्या हातांसाठी विनितानं दुकान काढलं, तेच परत चालले होते. शटर रंगवून उरलेला लाल रंग कोपऱ्यात होता. ती डबा घेऊन स्टुलावर चढली. फलकाची वाट लागेल म्हणून ओमकार कळवळला.

"गप रं. स्टूल धर," विनिता म्हणाली आणि हातभर अक्षरांत लिहिलं: 'या बाईला कॉम्प्युटरवर बारीक केलंय. खरी आत हाय.'

हर्षलाताईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि सगळा बाजार हसला. चिंधीनं मागे वळून पाहिलं. विनिता खाली उतरली तशी ती जवळ आली आणि तिचा भरलेला दंड सरळ मुठीत धरून बघितला.

"तुझं पोलकं कुणी शिवलं गं, बाय?"

"मीच."

"मंग पयलं माझं माप घे."

उद्घाटन राहिलं बाजूला. बायका फितीखालून वाकून आत शिरल्या, हसत, एकमेकींना ढकलत, आणि सरपंचही त्यांच्यामागून. विनिताला हसू आवरेना. तिनं चिंधीच्या दंडाला टेप लावली, मग आत दोन बोटं घालून ती थोडी सैल केली.